बाकाचे पश्चिम टोक

दिनांक २८ ऑक्टोबर, मंगळवार. वेळ दुपारी ३ वाजून १० मिनिटे.

जबाब देणार : सार्वजनिक बागेच्या कचेरीतील नोंद-लिपिक, स्त्री, वय ४६ वर्षे, शिक्षण पदवीपर्यंत, विषय इतिहास, नोकरीस एकोणीस वर्षे पूर्ण. राहणार बागेच्या उत्तर दरवाजासमोरची गल्ली, तिसरा मजला. घरात अन्य कोणी नाही.

मी समक्ष हजर राहून सांगते की, ज्या घटनेबद्दल हा जबाब आहे ती ९ ऑक्टोबर, गुरुवारी सकाळी घडली. त्याला आज एकोणीस दिवस झाले. या काळात ठाण्याकडून मला दोनदा निरोप आला आणि दोन्ही वेळा मी कामाचे निमित्त सांगितले. काम होते, पण ते थांबण्यासारखे होते. एवढे दिवस गप्प राहिले याबद्दल प्रथम दिलगिरी व्यक्त करते. दिलगिरी जबाबात लिहीत नाहीत, असे फौजदारसाहेबांनी सांगितले. ती राहू द्यावी अशी मी विनंती केली. ते म्हणाले, "राहू दे. पण मुद्द्यावर लवकर या."

लेखनिक हवालदारांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. त्यामुळे फौजदारसाहेबांच्या परवानगीने हा जबाब मी माझ्याच अक्षरात लिहीत आहे. शेवटी वाचून दाखवण्याचे काम हवालदार करतील.

बागेची व बाकाची माहिती विचारल्यावरून सांगते की, बाग एकशे अडतीस वर्षांची आहे. त्याआधी तेथे वीटभट्टीची मातीची खाण होती. शहरातली जुनी घरे त्याच मातीची आहेत. घरे वर गेली, इथे खड्डा राहिला, खड्ड्यात पाणी साचून तळे झाले आणि लोक संध्याकाळी त्याच्या काठी येऊन बसू लागले. नगरसभेने भोवती बाग केली ती नंतर. म्हणजे बागेच्या आधी माणसे आली. हे वाक्य माझ्या माहितीपुस्तिकेतले आहे, इथे कदाचित जास्तीचे असेल.

बागेला चार दरवाजे आहेत. सोयी पुढीलप्रमाणे : वाद्यवृंदाचा अष्टकोनी चौथरा, काचघर, पिण्याच्या पाण्याच्या दोन दगडी तोट्या (एक चालू), वाचनकक्ष, हरवले-सापडलेचे कपाट, दोन स्वच्छतागृहे. फौजदारसाहेब म्हणाले, "बाई, स्वच्छतागृहं कशाला?" मी म्हटले, काढून टाकते, पण मग यादी अपुरी राहील. ते म्हणाले, "बाकावर या."

बाक तळ्याच्या दक्षिणेला आहे. दगडी, कमानीसारखा वळलेला, उंच पाठीचा, टोकापासून टोकापर्यंत बारा मीटर. मधोमध समोर एक मोठी दगडी कुंडी आहे आणि तीत झुडूप आहे, त्यामुळे एका टोकाला बसलेला माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला दिसत नाही. ऐकू मात्र येतो. पूर्व टोकाला पाठीकडे तोंड करून हळू बोलले तर आवाज दगडाच्या वळणावरून सरकत पश्चिम टोकाला कानाशी बोलल्यासारखा पोहोचतो. मध्ये बसलेल्याला काही ऐकू येत नाही. गवंड्याने हे मुद्दाम केले की आपोआप झाले, याची नोंद सापडत नाही. बाग उघडल्यानंतर तिसऱ्या वर्षी समितीपुढे एक तक्रार आली होती की, या बाकामुळे सभ्य माणसांचे खाजगी बोलणे परक्याच्या कानी जाते, सबब बाक पाडावा. समितीने बाक पाडला नाही. 'या बाकावर कुजबुजू नये' अशी पाटी लावली. पाटी आठवड्याच्या आत चोरीस गेली आणि समितीने ती पुन्हा केली नाही. हा मजकूर मी स्वतः जुन्या इतिवृत्तातून उतरवून पुस्तिकेत घातला आहे. म्हणून बाकाचा गुण मला माहीत नव्हता, असे मला म्हणता येणार नाही. तेवढ्यासाठीच हे सांगितले.

संशयित म्हणून ज्यांचे नाव तक्रारीत आहे त्यांना आम्ही सर्व जण शिंपीकाका म्हणतो. वय ७९. बागेच्या पूर्व दरवाजाबाहेर त्यांचे शिवणाचे दुकान त्रेचाळीस वर्षे होते. माझ्या कोटाच्या बाह्या त्यांनी दोनदा आखूड केल्या आहेत. याखेरीज माझे त्यांच्याशी नाते नाही, देणेघेणे नाही.

चार वर्षांपूर्वी पुस्तिकेसाठी मी जुन्या लोकांच्या आठवणी लिहून घेत होते. तेव्हा काका आणि काकू दोघेही कचेरीत आले होते. काका गप्प होते, काकू बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "घरात नऊ माणसं आणि खोली एक. ह्यांना मला काही सांगायचं असलं की इथं यायचं. हे त्या टोकाला, मी या टोकाला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, भांडण झालंय." मी विचारले, काय बोलायचात? काकू म्हणाल्या, "ते पुस्तकात नको." मी वहीत 'उत्तर दिले नाही' असे लिहिले होते. ते चूक होते. त्यांनी उत्तर दिले होते.

काकूंची बसायची जागा पश्चिम टोक. हे मला तेव्हापासून माहीत आहे.

काकू गेल्या वर्षी जून महिन्यात वारल्या. मी भेटायला गेले नाही. पुस्तिकेची त्यांची प्रत द्यायची राहून गेली होती, ती हातात घेऊन कसे जावे हे सुचले नाही.

माझी कामाची वेळ नऊची आहे, पण मी सव्वासातला बागेत येते. 'रोज' म्हणणे बरोबर नाही, रविवार सोडून. एक फेरी मारते, काय मोडले, काय सुकले ते पाहते आणि कुठेतरी बसून रोजनिशी लिहिते. रोजनिशी मी बावीस वर्षे लिहीत आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी दुसऱ्या दिवसाचे एक काम लिहून ठेवते. एकच, म्हणजे ते होते.

२६ ऑगस्ट, मंगळवार रोजी मी पश्चिम टोकाला बसले. त्या वेळी ऊन तिथे पडते, हे कारण. पाठीच्या कडेला माथ्याचा जो गोल दगड आहे त्याच्या बुडाशी मला केसाएवढी भेग दिसली. लांबी सुमारे वीतभर. अशा भेगेवर आम्ही कागदाची पट्टी चिकटवून तारीख घालतो. पट्टी फाटली तर भेग वाढते आहे असे कळते. जवळ पट्टी नव्हती. भेगेची नोंद रोजनिशीत करत असताना कानाशी आवाज आला. "जेवलीस का?"

मी आवाज ओळखला. शिंपीकाका पूर्व टोकाला केव्हा येऊन बसले ते कुंडीमुळे मला दिसले नव्हते. प्रश्न मला नाही, हे मला त्याच क्षणी कळले होते. मी उठायला हवे होते, निदान खोकायला हवे होते. मी "हो" म्हटले.

का म्हटले, असे विचारल्यावरून सांगते की, नीट सांगता येत नाही. मी एकटी राहते. हा प्रश्न घरात विचारला जाण्याचा प्रसंग येत नाही. उत्तर आधी तोंडातून गेले. शिवाय ते उत्तर खोटे होते. त्या सकाळी मी काही खाल्ले नव्हते.

त्यानंतर ते काही वेळ बोलत होते. मी ऐकत होते. ते काय बोलले, असे फौजदारसाहेबांनी विचारले. ते बोलणे त्यांच्या पत्नीसाठी होते, माझ्यापाशी चुकून आले, सबब मी ते लिहून देणार नाही. फौजदारसाहेब म्हणाले, "बाई, जबाबात असं वगळता येत नाही." मी म्हटले, मग तुम्ही विचारल्याचे आणि मी नकार दिल्याचे लिहू या. तसे येथे लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी, २७ ऑगस्ट रोजी, मी पट्टी व खळ घेऊन भेगेशी गेले. आदल्या रात्री पानाखाली तेच काम लिहिले होते. काका आधीच येऊन बसले होते. पट्टी लावायची तर दगड घासावा लागतो आणि घासण्याचा आवाज पलीकडे जातो. मी पट्टी खिशातच ठेवली आणि बसले. त्यांनी विचारले, मी "हो" म्हटले. त्यांनी विचारले, "काय?" मी म्हटले, "पाव." असे २६ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, मधला रविवार सोडून, नऊ दिवस झाले. त्यांपैकी सात दिवस मी खरोखर काही न खाता आले होते. एकदा मी "पोटभर" असेही म्हटले.

या नऊ दिवसांत मी त्यांना फसवत आहे, असे मला वाटत होते का, या प्रश्नाचे उत्तर : होय, रोज, साधारण साडेआठपासून पुढे. सव्वासात ते पावणेआठ वाटत नव्हते.

५ सप्टेंबर, शुक्रवारी पश्चिम टोकाच्या बैठकीवर एक उशी ठेवलेली दिसली. चौकोनी, चिंध्या जोडून शिवलेली, हाताची शिवण, कोपऱ्यांना दुहेरी टाका. चिंध्यांमध्ये कोटाच्या अस्तराचा निळा तुकडा होता. बाजारात अशी उशी मिळत नाही. काका अजून आले नव्हते, म्हणजे उशी आदल्या संध्याकाळीच ठेवलेली होती. मी घाबरले. काकू तिथे येऊन बसतात, असे त्या माणसाने आता धरून चालले आहे आणि ते माझ्या एका शब्दामुळे, असे मला वाटले. उशी उचलून मी कचेरीत आणली आणि हरवले-सापडलेच्या रजिस्टरात नोंद केली. नोंद क्रमांक ८३ : उशी, एक, हातशिलाईची, मालक अज्ञात. 'अज्ञात' हे खोटे होते.

त्या दिवसापासून मी बाकाकडे गेले नाही. फेरी तळ्याच्या उत्तरेने मारून परत येत असे. कचेरीच्या खिडकीतून बाकाची पाठ दिसते आणि पूर्व टोकाला एक टोपी दिसते. ती टोपी रोज पावणेआठपर्यंत असे. पुढे आठपर्यंत असू लागली. सप्टेंबरच्या शेवटी साडेआठपर्यंत.

३० सप्टेंबर रोजी बांधकामांच्या स्थितीचा तिमाही तक्ता भरायचा होता. प्रत्येक वस्तू समोर उभे राहून पाहायची आणि मग लिहायचे, असा नियम आहे आणि तो नियम मीच लिहिलेला आहे. त्या दिवशी टोपी पावणेनऊपर्यंत हलली नाही. तक्ता नऊला अधीक्षकांकडे द्यायचा होता. मी खिडकीत उभी राहून लिहिले : दगडी बाक, पूर्व व पश्चिम टोके सुस्थितीत. खाली सही केली. भेगेची मला आठवण होती. विसरले, असे म्हणण्याची सोय मला नाही.

६ ऑक्टोबरला बाकाच्या साफसफाईसाठी ठेकेदाराच्या माणसांनी भोवती फळ्यांचे कुंपण घातले. एका फळीचा तिरपा टेकू पश्चिम टोकाच्या माथ्याच्या दगडावर ठोकला होता. हे मी त्या दिवशी लांबून पाहिले.

९ ऑक्टोबरला सकाळी सात वीसला पहारेकऱ्याला कुंपणाच्या दोन फळ्या निघालेल्या दिसल्या. आत शिंपीकाका पूर्व टोकाला बसलेले होते, शेजारी त्यांची कापड कापायची मोठी कात्री होती, आणि पश्चिम टोकाचा माथ्याचा दगड खाली दोन तुकडे होऊन पडला होता. पहारेकऱ्याने विचारले तेव्हा काका "ती आली का?" एवढेच म्हणाले. हे पहारेकऱ्याच्या जबाबात आहे.

पुढचे सर्वांना माहीत आहे. संरक्षित बांधकामाची नासधूस, अशी तक्रार अधीक्षकांनी दिली. तक्रारीला पुरावा म्हणून माझा तक्ता जोडला : नऊ दिवस आधी दगड सुस्थितीत होता. काकांना बागेत येण्यास मनाई झाली. बायको जाऊन वर्ष उलटल्यावर तिची वाट पाहतात, तेव्हा डोके ठिकाणावर नाही, असे सर्वांनी धरले. सूनबाईंना सांगण्यात आले की, त्यांना घरातून एकटे सोडू नका.

दगडाचे तुकडे मी कोठारात पाहिले. जुनी भेग असेल तर तुटलेली बाजू काळवंडलेली असते आणि ताजे तुटले असेल तर पांढरी. पण फोटोसाठी तुकडे साबण लावून ब्रशने धुतले गेले होते. हे कोणी वाईट हेतूने केले नाही. आमच्याकडे फोटोआधी सगळेच धुतात. त्यामुळे भेग जुनी होती हे सांगणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे माझ्या रोजनिशीचे २६ ऑगस्टचे पान.

ते पान आणायला एकोणीस दिवस का लागले, असे विचारल्यावरून सांगते की, भेगेची ओळ त्या पानावर वरून चौथी आहे आणि पाचव्या ओळीपासून उरलेले, म्हणजे "हो" म्हटल्याचे, आहे. गेल्या बुधवारी मी वरच्या चार ओळींची नक्कल करून ठाण्याकडे निघाले होते. पाण्याच्या तोटीपर्यंत आले आणि परत गेले. चार ओळींची नक्कल आणली असती तर काका सुटले असते, पण त्यांचे डोके फिरले आहे ही गोष्ट तशीच राहिली असती. ती कशामुळे झाली ते त्या पाचव्या ओळीत आहे. आज मी पूर्ण रोजनिशी आणली आहे. ते पान फौजदारसाहेबांनी वाचले. बाकीची पाने वाचली नाहीत, त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

दगड काकांच्या हाताने पडला नाही, असे मी म्हणत नाही. मी पाहिलेले नाही. त्यांचा हात लागला असेल तर असेल. एवढेच म्हणते की, त्या दगडाला तेव्हा कोणाचाही हात पुरला असता. माझा तक्ता खोटा आहे. आणि ते ज्या उत्तरासाठी फळ्या काढून आत गेले ते उत्तर देण्याची सवय मी लावली आणि न सांगता मोडली. यापुढे कचेरी माझ्याकडून खुलासा मागेल. तो मी वेगळा देईन. नोकरी राहील की नाही, हे मला आज माहीत नाही.

काकांना माझ्यासमोर बोलावू नये, अशी माझी एक विनंती आहे. मला त्यांच्याकडे पाहता येणार नाही.

पुरवणी. वेळ ५ वाजून ५ मिनिटे.

वरील मजकूर हवालदार वाचून दाखवत असता पुढील प्रकार घडला. तो जबाबाचाच भाग आहे असे मला वाटते, म्हणून लिहिते.

काका व त्यांच्या सूनबाई यांना आज साडेचारला ठाण्यात बोलावलेले होते. ते शेजारच्या खोलीत बसले होते, हे मला माहीत नव्हते. दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे आणि ती छताला टेकत नाही. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आवाज कुठून कुठे जातो हे मी स्वतः पुस्तिकेत लिहिले आहे. हवालदारांचा आवाज मोठा आहे.

वाचन माझ्या विनंतीपाशी आले तेव्हा पलीकडून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, बसा. तिकडं जायचं नाही." आणि काका दारात आले. पायात मुलाचे बूट होते, दोन मापे मोठे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. हवालदारांना म्हणाले, "ते नऊ दिवसांचं परत वाचा."

हवालदारांनी फौजदारसाहेबांकडे पाहिले आणि तो भाग पुन्हा वाचला.

काका म्हणाले, "आमची ही असती तर हो म्हणाली असती होय? बावन्न वर्षांत एकदा सरळ हो म्हणाली नाही. 'विचारायला आलेत मोठे,' असं म्हणायची. दुसरं कोणीतरी आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

मी विचारले, "मग तुम्ही विचारत का राहिलात?"

काका म्हणाले, "तुम्ही खोटं सांगत होतात म्हणून. माप घेताना लोक पोट आत ओढतात आणि म्हणतात, घ्या, असंच आहे. जन्म गेला माझा त्यात. जेवलेल्या माणसाचा हो तसा नसतो. सकाळच्या पारी गार दगडावर येऊन बसायचं, पोटात काही नाही, आणि म्हणे पोटभर."

फौजदारसाहेबांनी विचारले, "कोण आहे ते माहीत होतं तुम्हाला?"

"नाही. कुंडीला वळसा घालून बघितलं असतं तर उठून गेली असती. बघितलं नाही. पण एक दिवस यायचीच थांबली. महिनाभर विचारलं. मग बागेवाल्यांनी फळ्या ठोकल्या. म्हटलं, आजारी पडली की काय. आजारी असली तर तिला विचारणारं कोण आहे?"

सूनबाई दारापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे 'ती आली का' म्हणत होतात ते..."

"ह्यांच्याबद्दल. तुझी सासू कुठून यायची आता? मला काय वेड लागलंय?"

सूनबाई म्हणाल्या, "सांगायचं नाही का मग? आम्ही तुमच्या चपला लपवून ठेवल्यात."

"माहीत आहे. कपड्यांच्या पेटीत, खालच्या चादरीत. पण काय सांगू? कोण ते माहीत नाही, आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आता भुतंही जेवतात का." सूनबाईंनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या की नाही, ते मला खात्रीने सांगता येत नाही.

काका पुढे म्हणाले, "दगडाचं लिहून घ्या. त्या टोकाला उशी आहे का बघायला गेलो, वाकलो, उठताना दगडाला हात टेकला, तो आला खाली. ह्या माझ्या बाजूनं बोलतायत म्हणून मी हात टेकलाच नाही, असं म्हणणार नाही."

फौजदारसाहेबांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "तुम्ही दोघं एकमेकांच्या बाजूनं बोलताय की स्वतःच्या विरुद्ध, तेच मला कळेना." मग त्यांनी सांगितले की, उद्या गवंडी पाठवून दगड जिथून निखळला ती खालची बैठक पाहू. तुकडे धुतले तरी बैठक कोणी धुतलेली नाही, भेग जुनी असेल तर तिथे कळेल. रोजनिशीच्या पानाची नक्कल तक्रारीला जोडू. डॉक्टरकडे पाठवायचा कागद त्यांनी काकांच्या कागदांतून काढला आणि वेगळा ठेवला. बागेतली मनाई उठवणे अधीक्षकांच्या हातात आहे. त्यांना तसे पत्र लिहू, असे म्हणाले.

काकांनी मला विचारले, "उशी कुठं आहे?"

मी सांगितले, "कपाटात. नोंद क्रमांक त्र्याऐंशी."

"कोणाची म्हणून लिहिली?"

"अज्ञात."

काका म्हणाले, "हिच्यासाठी शिवली असती तर दुप्पट जाड केली असती. हिला दगड टोचायचा. तुमचं वजन आवाजावरून धरलं, म्हणून पातळ केली. मापात चुकलो असेन तर आणून द्या, उसवून देतो."

मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून विचारले, "आज जेवलात का?"

मी घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून बावीस मिनिटे झाली होती. मी म्हटले, "नाही."

फौजदारसाहेब म्हणाले, "हे लिहायची गरज नाही." तोपर्यंत लिहून झाले होते.

सूनबाईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. त्यानंतर सुमारे पंधरा मिनिटे जबाबाचे काम थांबले होते.

पुरवणीसह हा जबाब हवालदारांनी वाचला. तो मी ऐकला आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडेही ऐकू गेला. कोणी हरकत घेतली नाही. लिहिला आहे तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे. जे वगळले आहे ते मी जाणून वगळले आहे आणि ते तसेच राहावे.

सही. वेळ ५ वाजून ५० मिनिटे.

उद्या : नोंद क्रमांक ८३ समोर 'मालकीण सापडली' असे लिहून उशी घेऊन जाणे.